जेलकोट-शुद्धी

जेलकोट-शुद्धी : काचतंतूंनी बळकटी आणलेल्या प्लॅस्टिकच्या, म्हणजे कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर ज्यांना सर्रास ‘फायबरच्या’ म्हणतात त्या, नौकांच्या बाह्य लेपावरील डाग, पिवळेपणा व निस्तेजता दूर करून त्यास पूर्ववत् कांती आणण्याची क्रिया.

अमेरिकेतील टोलीडो येथे रे ग्रीन यांनी १९४२ साली पॉलिएस्टर राळ व काचतंतू यांची छोटी नौका घडविली, आणि पुढील दोन-तीन दशकांत लाकडी बांधणीचे बरेचसे क्षेत्र या नव्या द्रव्याने व्यापले. या बांधणीत साच्याच्या आतल्या अंगास रंगद्रव्ययुक्त राळ प्रथम फवारतात आणि ती आळल्यावर तिच्या पाठीशी काचतंतूंचे थर बसवितात. म्हणून नौका साच्यातून बाहेर येते ती अंगचीच तकाकी घेऊन. या राळेच्या थरास जेलकोट म्हणतात. त्याची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर असते, आणि पुढे जे काही घासकाम व्हावयाचे त्याचा खर्च या एवढ्याच मुद्दलातून पडतो, ही गोष्ट कामास हात घालणाराने क्षणभरही दृष्टिआड होऊ देऊ नये.

विवर्णतेची कारणे भिन्न आहेत आणि उपाय कारणावर अवलंबून आहे. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी पृष्ठभागीची राळ विघटित होते व मोकळे झालेले रंगद्रव्य खडूच्या भुकटीसारखे वर येते. गडद निळ्या वा तांबड्या नौकेवर हा पांढुरका थर विशेष उठून दिसतो. पांढरी नौका याच किरणांनी पिवळसर पडते. याउलट, जलरेषेवरील तपकिरी पट्टा किंवा नाळेच्या दोहों बाजूंस मिशांसारखा उमटणारा डाग हा कुजलेल्या पालापाचोळ्यातील टॅनिनाचा, गाळाचा आणि लोहक्षारांचा असतो. पावसाळ्यात जांभ्याची तांबडी माती वाहून आणणाऱ्या मांडवी-जुवारीसारख्या नद्यांच्या मुखाशी नांगरलेल्या नौकांस त्याचा उपद्रव फार. तेव्हा प्रथम गोड्या पाण्याने व सौम्य साबणाने नौका धुऊन, कोरडी करून, तिच्यावर काळे फडके फिरवावे : फडक्यास पांढरी भुकटी लागली तर राळच झिजलेली आहे, न लागता रंग तेवढा पालटलेला दिसला तर बहुधा डाग वरून बसलेला आहे. एवढी तपासणी न करता थेट घासयंत्र चालविणे हा माझ्या मते या कामातील सर्वांत मोठा अपराध होय.

वरून बसलेल्या गंजाच्या व टॅनिनाच्या डागांस ऑक्झॅलिक अम्ल हा उत्तम उतारा आहे. चुक्याच्या भाजीचा आंबटपणा ज्यामुळे येतो तेच हे अम्ल. ते लोहाशी संयोग पावून विद्राव्य संयुग बनविते आणि डाग पाण्याबरोबर निघून जातो. लिटरभर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम अम्ल विरघळवून ते फडक्याने लावावे, दहा-पंधरा मिनिटे ओले राखावे, वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावे. शुद्ध अम्ल विषारी असल्यामुळे हातमोजे व चष्मा यांत हयगय नको. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडासही ते इजा करते. क्लोरीनयुक्त विरंजक या अम्लाबरोबर किंवा अन्य कोणत्याही अम्लाबरोबर कदापि मिसळू नये, कारण त्यातून क्लोरीन हा प्राणघातक वायू सुटतो. नौकेच्या बुडास धरणाऱ्या बार्नेकल या कवचधारी प्राण्यांची चिकटून राहिलेली चुनखडी वर्तुळे विरल हायड्रोक्लोरिक अम्लाने सुटतात, परंतु तो उपाय जपून व थोडक्या जागेपुरताच करावा.

राळच झिजलेली असेल तर अम्लाचा उपयोग नाही. मृत थर काढावाच लागतो. त्यासाठी सर्वांत सौम्य साधनापासून आरंभ करून, तकाकी न आली तरच अधिक खरखरीत साधनाकडे वळावे. पुष्कळदा पॉलिशची बारीक लुकणी पुरते. न पुरल्यास ८०० किंवा १,००० क्रमांकाचा जलसह घासकागद पाण्याखाली हलक्या हाताने फिरवून, मग १,५०० व २,००० असे चढत जावे आणि शेवटी लोकरी गादीच्या, संथ गतीच्या यंत्राने लुकणी घोटावी. यंत्र एके ठिकाणी स्थिरावले की उष्णतेने राळ करपते; कडांवर व कोपऱ्यांवर लेप मुळातच पातळ असतो, तेथे हातानेच काम करावे. खालच्या थराची छटा डोकावू लागली की त्या जागी जेलकोट संपला असे समजून थांबावे. त्यापुढे नवा जेलकोट भरणे किंवा दोन-घटकी पॉलियुरेथेन रंग देणे, एवढीच तजवीज उरते.

घोटलेल्या पृष्ठावर कार्नोबा मेणाचा लेप द्यावा. तो छिद्रे बुजवितो, पाणी ठरू देत नाही, आणि एखाद-दुसऱ्या मोसमानंतर पुन्हा द्यावा लागतो. भुकटी न काढता तिच्यावरच चकाकी देणारे द्रव फासण्याची चाल घातक आहे, कारण तो थर पुढे पिवळा पडून पापुद्र्यांनी सुटतो. सिलिकोनयुक्त पॉलिश वापरलेल्या पृष्ठावर मागाहून रंग नीट धरत नाही, हेही ध्यानी असावे.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या मुदतीत होड्या वर ओढून झापांनी शाकारण्याची कोकणातील जुनी रीत आहे. पाऊस अडविण्यासाठी घातलेले ते छप्पर वारा खेळता ठेवून ऊनही अडविते; नौका विनावापर उभी असेल तेव्हा, मग तो उन्हाळा का असेना, फायबरच्या नौकेवर असे छप्पर अवश्य घालावे.