शिवार आहे, मग पडदा कशाला?

डोंगरकडा गावाच्या शिवारात केळी आहे, हळद आहे. मग इथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला संगणकाचा पडदा कशाला, असे हमखास विचारले जाते. विचारणारे शिक्षणाचे हितचिंतकच आहेत, म्हणून त्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो. एक : निसर्ग हीच खरी प्रयोगशाळा, पडदा मुलांना मातीपासून तोडतो. दोन : संगणकाने प्रत्येकाला त्याच्या पातळीचा पाठ दिला, की वर्गात हुशार आणि 'ढ' अशी फूट पडते. तीन : डिजिटलचा प्रयोग होऊन गेला, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, तरी शिकणे बदलले नाही.

पहिला आक्षेप अर्धा खरा आहे. केळीचे खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. वर दिसतो तो पानांच्या आवरणांचा गुंडाळा. हे खांबाचा एकेक पदर हाताने सोलूनच शिकावे. पण आता पिकलेले केळे आडवे चिरा. मधोमध बारीक काळे ठिपके दिसतील. ती न वाढलेली बीजांडे. केळीला बी का धरत नाही? बाजारातल्या बहुतेक केळीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात. ११ च्या हिशेबाने ३३. अर्धगुणसूत्री विभाजनात त्यांची समसमान वाटणी कशी व्हायची? याचे उत्तर विळ्याला दिसत नाही, भिंगालाही दिसत नाही. विद्यार्थी पडद्यावर ती ३३ गुणसूत्रे स्वतः वाटायला बसतो, वाटणी जमत नाही, आणि मग त्याला कारण कळते. पडद्याने शिवार हिरावले नाही. शिवाराच्या आतला दरवाजा उघडला.

दुसरा आक्षेप समतेच्या नावाने येतो. पण नववीतल्या एकाला अजून पेशी आणि ऊती यांतला फरक उमगलेला नाही, दुसरीला विभाजनाच्या अवस्था पाठ आहेत. दोघांपुढे एकच पाठ ठेवणे ही समता कशी? तो मागे राहतो, ती कंटाळते. शिक्का मारणे वाईट, हे मला पूर्ण मान्य आहे. 'हा बघून शिकणारा, ती ऐकून शिकणारी' अशा वाटणीला पुरेसा पुरावा नाही, असे हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलेच आहे. म्हणून मुलांची वर्गवारी करू नये, पायरी ओळखावी. चांगल्या डिजिटल साहित्यात चुकीचे उत्तर मुलाला नेमक्या अडलेल्या पायरीवर नेते, आणि ती पायरी उद्या बदलते. शिक्का बदलत नसतो.

तिसऱ्या आक्षेपात गफलत आहे. कोड टिपला, चित्रफीत सुरू झाली, मूल बघत बसले. यात संवाद कुठे आहे? जो प्रयोग झालाच नाही, त्याच्या अपयशाचा दाखला कसा देता? खरा दाखला दिल्लीचा आहे. मुरलीधरन, सिंग आणि गणिमियन यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेनंतरच्या केंद्रांत सहावी ते नववीच्या मुलांना पातळीनुसार बदलणारे संगणकीय साहित्य आणि सोबत छोट्या गटात शिकवणी मिळाली. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनांची वाढ दिसली. विषय जीवशास्त्र नव्हता आणि माणसाची साथ होती, हे मी लपवत नाही. पण 'काहीच होत नाही' हे विधान त्यानंतर उभे राहत नाही. गावात इंटरनेट नसण्याची अडचणही अटळ नाही : कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' प्रतिरूपे एकदा उतरवून घेतली, की जोडणीविना चालतात.

एक अट मात्र मी स्वतःच घालतो. पायऱ्या वेगळ्या असोत, शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच हवा. उदाहरणार्थ : बी नसल्याने केळी मुनव्यांवर किंवा ऊतिसंवर्धित रोपांवर वाढते, म्हणजे एका वाणाची सगळी बाग जवळपास एकाच साच्याची, मग त्या वाणाला न झेपणारा रोग आला तर काय होईल? 'ग्रो मिशेल' या वाणाची मध्य अमेरिकेतली निर्यातीची लागवड पनामा रोगाने गेल्या शतकात अशीच मोडली. या प्रश्नावर खांब सोलणारा आणि गुणसूत्रे वाटणारी एकाच बाकावर बसून बोलू शकतात. ज्यांच्या घरी केळीची बाग आहे, त्या मुलांना या चर्चेपर्यंत पोचण्याची वाट नाकारायची का? निवाडा वाचकांनी करावा.