वेडाची गणना : शहर आणि खेडे



आजचा विषय घरात चारचौघांत काढण्याजोगा नाही, म्हणूनच तो या व्यासपीठावर काढला पाहिजे. गरमी, म्हणजे उपदंश, ऐकून सर्वांना माहीत असतो. भावमिश्राने सोळाव्या शतकात आपल्या ‘भावप्रकाशा’त त्याला फिरंग म्हटले, कारण तो फिरंग्यांबरोबर आला. पण अंगावरचे चट्टे गेले, माणूस बरा झालासे वाटले, तरी दहा-वीस वर्षांनी हाच रोग मेंदूत आणि पाठीच्या कण्यात डोके वर काढू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. माणूस भलत्याच बढाया मारू लागतो, जीभ अडखळते, पाय लटपटतात आणि उपचार झाले नाहीत तर तो अंथरुणाला खिळून मरतो. हा मज्जारोग शहरात अधिक की खेड्यात?

एकोणिसाव्या शतकातील युरोपचे उत्तर ठाम होते : शहरात. १८२२ साली पॅरिसजवळच्या शाराँतों येथील वेड्यांच्या इस्पितळातील बेल नावाच्या तरुण डॉक्टरने या आजाराचे नीट वर्णन केले. पुढे मोठ्या शहरांच्या इस्पितळांत येणाऱ्या वेड्या पुरुषांपैकी शंभरात दहा-वीस याच आजाराचे निघू लागले. कारण म्हणून कोणी दारू सांगे, कोणी जागरण, कोणी सुधारणेची धावपळ. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी मृतांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखविले, तेव्हा कारणाचा वाद मिटला. ‘शहरी रोग’ हा शिक्का मात्र पुसला गेला नाही.

शहरात लागण अधिक होत होती हे खोटे नव्हे. आपली मुंबईच घ्या. १९२१ च्या खानेसुमारीत तेथे हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या. कोकणातून, घाटावरून आलेला गडी खानावळीत जेवे, चाळीच्या खोलीत दहाजणांत पथारी टाकी, आणि बायको गावी शेत सांभाळी. तेथे गरमी पसरली तर नवल ते काय! सरकारचा उपाय म्हणजे १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा. तपासणीची सक्ती वेश्यांवर, पुरुषांवर नाही. आणि काळजी मुख्यतः गोऱ्या पलटणींची. तो १८८८ साली रद्द झाला. कामगाराला बिऱ्हाड करता येईल अशी खोली आणि पगार द्यावा, हा उपाय कोणत्याच कलमात नव्हता.

पण मधली दहा-वीस वर्षे ध्यानात घ्या. विशीत लागण झालेल्या गड्याचे हातपाय चाळिशीत चालेनासे झाले, तर त्याला मुंबईत कोण ठेवून घेणार? तो गावी जाणार. तेथे पाठीतले पाणी काढून तपासणारा डॉक्टर नाही, वेड्यांचे इस्पितळ कोसो दूर. गावाच्या लेखी त्याला बाहेरची बाधा! अशा माणसाची नोंद शहराच्या वहीत होत नाही आणि खेड्याच्याही होत नाही. आम्हा युनियनवाल्यांना हा हिशेब नवा नाही. एका गिरणीचे डॉक्टर मला म्हणाले, आमच्याकडे कापसाच्या धुळीने छाती धरण्याचा आजारच नाही. मी विचारले, डॉक्टरसाहेब, किती जणांच्या छात्या तपासल्या? ते रजिस्टर शोधू लागले.

खेड्यात मोजायला कोणी गेलेच तर काय दिसते? अमेरिकेतील आलाबामा राज्यात मेकन नावाचा परगणा आहे. तेथे पीक कापसाचे, जमीन बहुतेक गोऱ्यांची आणि वाट्याने कसणारे काळे. १९३० च्या सुमारास रोझेनवाल्ड फंडाच्या मदतीने दक्षिणेतील सहा परगण्यांत काळ्या लोकांचे रक्त तपासले गेले. मेकनमध्ये शंभरात सुमारे पस्तिसांना उपदंश निघाला. व्हर्जिनियातील आल्बेमार्लमध्ये शंभरात दहाहूनही कमी. दोन्हीकडे खेडी, दोन्हीकडे काळी माणसे. फरक कमाईचा, शिक्षणाचा आणि औषधपाण्याचा.

मंदीत फंडाचा पैसा आटला आणि उपचार थांबले. तेव्हा १९३२ साली सरकारच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने मेकनमधल्याच टस्कीगी येथे निराळा उद्योग आरंभला. उपदंश झालेले ३९९ काळे पुरुष आणि तुलनेला रोग नसलेले २०१. उपचाराविना रोग कसा वाढतो एवढे पाहायचे. त्या काळी गोऱ्या डॉक्टरांत समज असा की, काळ्याचा मेंदू साधा, म्हणून हा रोग त्याच्या मज्जेऐवजी हृदयाकडे वळतो. हिंदुस्थानातील अनेक इंग्रज डॉक्टरही म्हणत की, हे वेड येथल्या लोकांत विरळा. समज तपासायचा तर कण्यात सुई घालून पाणी काढावे लागते. ते दुखते, आणि पुढे कित्येकांचे डोके काही दिवस ठणकत राहते. त्यासाठी या कुळांना जी पत्रे गेली, त्यांत सुईला खास मोफत उपचार म्हटले होते. त्यांना उपदंश आहे हेही सांगितले नव्हते, ‘रक्त खराब आहे’ इतकेच. जेवण मिळे, मोटारीतून ने-आण होई, आणि पुढे मर्तिकाच्या खर्चाची सोय झाली. बदल्यात मेल्यावर प्रेत चिरू द्यायचे.

तुलनेला ओस्लो शहर होते. तेथे बोएक यांनी १८९१ ते १९१० या काळात जवळजवळ दोन हजार रोग्यांना पारा दिला नाही, कारण पाऱ्याने अपायच अधिक होतो असे त्यांचे मत होते. त्यांच्या रोग्यांचा येस्टलान यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेला हिशेब असा : मज्जारोग पुरुषांत शंभरात सुमारे नऊ, स्त्रियांत पाच. ही मंडळी एका राजधानीतली आणि औषधावाचून राहिलेली, तरी शंभरातील नव्वदांहून अधिक या विकारातून सुटली. शहर म्हणजे वेड, ही जुनी समजूत मग कुठे राहिली?

पेनिसिलीनने उपदंश बरा होतो हे १९४३ साली दिसून आले, आणि काही वर्षांतच ते सर्रास मिळू लागले. मेकनच्या माणसांना ते जाणूनबुजून दिले नाही. काहींच्या बायकांना लागण झाली, मुलांनाही झाली. जुलै १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली, तेव्हा कोठे हा उद्योग थांबला. १९७४ साली दाव्यात तडजोड होऊन १ कोटी डॉलर ठरले. १९९७ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी राष्ट्राच्या वतीने माफी मागितली. फौजदारी खटला कोणावरही भरला गेला नाही.