टकटक दोनदा का ऐकू आली?

लाउडस्पीकरच्या खोक्यात वर एक लहान आणि खाली एक मोठा स्पीकर असतो, हे आपण मांडवात दरवर्षी पाहतो. लहान तो ट्वीटर, मोठा तो वूफर. इंग्रजीत पाखराच्या चिवचिवाटाला ट्वीट आणि कुत्र्याच्या भुंकण्याला वूफ म्हणतात, त्यावरून ही नावे पडली. आपल्याकडे तबला-डग्ग्याची जोडी आहेच, आणि तबलजी बैठकीपूर्वी हातोडी घेऊन ती लावून घेतो. स्पीकरची जोडीही अशीच लावून घ्यावी लागते. सिनेमावाल्यांना ते कसे कळले, याची हकीकत मोठी गमतीची आहे.

१९२५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू आणि चुंबकात हलणारी कॉइल असा स्पीकर मांडला. आज बाजारात मिळणारा स्पीकर मूलतः त्याच घडणीचा. पण एकच शंकू सगळी कामे करू शकत नाही. १०० हर्ट्झच्या ढमढम आवाजाची लाट सुमारे ३.४ मीटर लांब, तर १०,००० हर्ट्झच्या किणकिण आवाजाची जेमतेम ३.४ सेंटिमीटर. पहिलीसाठी भरपूर हवा ढकलणारा मोठा शंकू लागतो. दुसरीसाठी तो जड पडतो, शिवाय बारीक आवाज फक्त समोरच्या दिशेने फेकतो, बाजूला बसलेल्यांना तो मिळतच नाही. म्हणून कामाची वाटणी झाली.

बोलपट आले तशी थिएटरांत मोठी यंत्रणा बसू लागली. खालच्या सुरांसाठी नागमोडी दुमडलेला लांबलचक कर्णा आणि वरच्या सुरांसाठी आखूड कर्णा. १९३० च्या दशकाच्या मध्यास एमजीएम स्टुडिओत एलिनॉर पॉवेल या अभिनेत्रीच्या टॅप नृत्याचा तुकडा अशा यंत्रणेवर लावला, तेव्हा तिच्या बुटाची प्रत्येक टकटक दोनदा ऐकू आली. फिल्मवर तर ती एकदाच होती! जॉन हिलियर्ड या इंजिनिअरने मोजून पाहिले. दोन कर्ण्यांच्या लांबीत सुमारे आठ फुटांचा फरक. ध्वनी सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो, म्हणजे वूफरचा आवाज ट्वीटरच्या मागून ७ मिलिसेकंदांनी पोहोचत होता. व्हायोलिनच्या लांब सुरात हे लपून गेले असते. टकटकीने मात्र चोर पकडून दिला.

आम्हा रेल्वेवाल्यांना हा प्रकार नवा नाही. प्लॅटफॉर्मवर जवळच्या आणि ५० मीटरवरच्या कर्ण्यातून एकच घोषणा होते, दुसरी जवळजवळ १५० मिलिसेकंद उशिरा येते, आणि गाडी दोनवर येणार की तीनवर, हे प्रवासी एकमेकांना विचारत बसतात.

स्टुडिओच्या ध्वनी विभागाचे प्रमुख डग्लस शिअरर यांच्या हाताखाली मग नवी यंत्रणा तयार झाली. खालचा कर्णा आखूड केला आणि दोन्ही मार्ग जवळजवळ सारखे केले. तिच्यासाठी स्पीकर घडवण्यात जेम्स लान्सिंग यांचा वाटा होता. हे तेच, ज्यांच्या नावाची आद्याक्षरे जेबीएल म्हणून आज तरुणांच्या हातातल्या छोट्या स्पीकरवर असतात. १९३६ सालासाठीच्या अकॅडमी पुरस्कारांत या दुहेरी कर्ण्याच्या यंत्रणेला तांत्रिक पुरस्कार मिळाला.

घरी खोके बनवणाऱ्याला आठ फुटांची काळजी नसते, इंचाची असते. आठ इंची वूफरची कॉइल त्याच्या शंकूच्या तळाशी असते, ट्वीटरची अगदी पुढे. एका सपाट फळीवर दोन्ही बसवले की एक इंचाचा फरक सहज पडतो. ३००० हर्ट्झला लाट ११.४ सेंटिमीटरची, म्हणजे एक इंच हा तिचा जवळजवळ पाव भाग. दोघे एकच सूर वाजवत असताना एक पुढे आणि एक मागे राहिला, तर बेरीज पुरी होत नाही. फरक अर्ध्या लाटेचा झाला तर वजाबाकीच होते! यावर १९७६ साली सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी शोधनिबंध लिहिला. त्यांच्या आणि रस रायली यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्किटमध्ये जोडाच्या जागी दोन्ही स्पीकर ६ डेसिबलने खाली असतात आणि एकाच लयीत हलतात, त्यामुळे बेरीज सपाट येते. खोक्याच्या आकाराचे गणित त्याआधीच ऑस्ट्रेलियात नेव्हिल थिएल यांनी १९६१ मध्ये मांडले होते. ते १९७१ मध्ये पुन्हा छापले गेले आणि रिचर्ड स्मॉल यांनी पुढे नेले. तोवर खोके अंदाजपंचे बनत असे.

आपल्याकडे बहुतेक खोक्यांत ट्वीटरला एक कपॅसिटर लावला की काम संपते. ८ ओहमला ३००० हर्ट्झवर ६.६ मायक्रोफॅरड, हा हिशेब बरोबरच आहे. पण वूफर ८८ डेसिबलचा आणि ट्वीटर ९२ चा असेल तर ट्वीटर चार डेसिबलने वर ओरडतो. त्याला ३ ओहमचा रेझिस्टर ओळीने आणि १४ ओहमच्या आसपासचा समांतर जोडून खाली आणावे लागते. दुकानदार हे सांगत नाही, कारण दुकानात झणझणीत वाजणारा स्पीकर लवकर खपतो.

हे सारे स्मरणिकेत लिहिण्याचे कारण आपला मांडव. क, त, स, श ही व्यंजने ओळखू येतात ती बव्हंशी १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि आपल्या खोक्यांतला जोड नेमका तिथेच. तिथे खड्डा पडला की मागे बसलेल्या आजी-आजोबांना आवाज येतो, शब्द येत नाहीत. ते ‘आवाज वाढवा’ म्हणतात. आपण वाढवतो. मग खालचा ढमढमाट वाढतो आणि समोरच्या क्वार्टर्समधून निरोप येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे निरोप देणाऱ्याचे चुकत नाही. भाड्याची मोठी भिंत उभी करण्याची सूचना दोनदा आली. माझा तिला विरोध आहे, आणि तो केवळ खर्चासाठी नाही.

यंदाच्या दोन खोक्यांत ट्वीटर एक इंच मागे घेतला आहे. जोड जमला की नाही हे पाहण्याची जुनी युक्ती सोपी आहे. ट्वीटरच्या दोन तारा मुद्दाम उलट जोडाव्यात. समोरून ऐकताना जोडाच्या जागी आवाज खोल पडला, तर सुलट जोडणी बरोबर. प्रतिष्ठापनेच्या आदल्या संध्याकाळी मांडवात ही परीक्षा घेणार आहोत. टॅप नृत्य कोणाला येत नसावे, तेव्हा येताना झांजा आणाव्यात, आणि ज्येष्ठांनी शेवटच्या रांगेत बसावे.