दादाचे स्पीकर

परवा माळा आवरताना दादाचे स्पीकर हाती लागले. साखर कारखान्यातल्या नोकरीत पैसे साठवून त्याने १९८२ साली पुण्याहून ही जोडी आणली होती. एस.टी.त मांडीवर घेऊन! तो गेल्यावर वहिनींनी ती माझ्याकडे सोपवली. जाळी काढली तर कागदी पडद्याभोवतीची फोमची कड बोट लागताच भुग्यासारखी गळाली. वाटले, आपणच नीट सांभाळले नाही.

नगरातल्या (आता अहिल्यानगर, पण जिभेला वळण जुनेच) एका दुरुस्ती करणाऱ्याने समजूत घातली, "सर, न वापरताही हा फोम झडतोच."

मग वाचत बसलो. आजच्या स्पीकरचे मूळ १९२५ सालात आहे. अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी कागदी पडद्याला तारेचे वेटोळे जोडून ते चुंबकाच्या फटीत बसवले. वीज बदलते तसे वेटोळे पुढेमागे होते, पडदा हवा ढकलतो आणि आवाज उमटतो. १९५४ साली एडगर विल्चर यांनी बंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला. लहान पेटीतून खर्ज मिळू लागला, पण त्यासाठी पडद्याची कड फार लवचिक हवी. १९७०च्या दशकात फोमच्या कडा सर्रास आल्या. हवेतला दमटपणा आणि ऑक्सिजन यांनी हा फोम पंधरा-वीस वर्षांत विरतो. आमच्या वडिलांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत कड पडद्याच्याच कागदाची, चुण्या घातलेली. तो अजून बोलतो!

पुतण्या म्हणाला, "काका, नवीन घेऊ की." पण कारागिराने जुना गोंद खरवडला, वेटोळ्याभोवती फिल्मच्या पट्ट्या सारून ते फटीच्या मधोमध धरले आणि नवी कड चिकटवली. वेटोळे जरा कलले की आवाज खरखरतो. रबराची कड टिकाऊ, पण जड. मूळ आवाज बदलू नये म्हणून फोमच लावला. म्हणजे वीसेक वर्षांनी पुन्हा हेच काम. तेव्हा मी नसणार. म्हणून पुतण्याला शेजारी बसवून सगळे दाखवायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी विविध भारती लावली आणि वहिनींना फोन केला. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "भाऊजी, जरा मोठा करा. ते एवढ्या हळू कधी लावायचेच नाहीत."