गिअरबॉक्समधला देवमासा

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल, हा इतिहासाचा विषय आहे की गॅरेजचा? खरं तर दोन्हीचा. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं लाल तेल बदलायचं, काम एवढंच. पण कोणतं तेल घालायचं, हे शोधायला गेलं की आपण थेट देवमाशांच्या शिकारीपर्यंत पोहोचतो.

आधी हे तेल करतं काय ते बघू. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातूनच पुढे जाते. क्लच प्लेटा आवळल्या जातात त्या तेलाच्या दाबाने. उष्णता वाहून नेणारंही तेच. म्हणजे एकाच तेलाने गिअरना वंगण द्यायचं आणि प्लेटांना पकडही घेऊ द्यायची. निसटू देणं आणि धरून ठेवणं, दोन्ही कामं त्याचीच.

जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. दुसऱ्या महायुद्धात तो एम-5 स्टुअर्ट रणगाड्यातही बसला. 1949 मध्ये कंपनीने 'टाइप ए' नावाने तेलाचं प्रमाण ठरवलं आणि 1960 च्या दशकात त्याची जागा 'डेक्सरॉन'ने घेतली. या काळातल्या तेलांत प्लेटांची पकड मऊ राहावी म्हणून स्पर्म व्हेलचं तेल मिसळत असत. ते रासायनिकदृष्ट्या नेहमीच्या चरबीसारखं नसतं, तर द्रवरूप मेण असतं. उष्णता आणि दाब ते चांगलं सोसतं.

याच काळात गाड्या बदलत होत्या. 1963 च्या जीप वॅगोनिअरला फोर-व्हील-ड्राइव्हसोबत ऑटोमॅटिकची सोय मिळाली. फोर्डच्या ब्रॉन्कोला ती 1973 मध्ये मिळाली. आपल्याकडे महिंद्राने परवान्यावर बांधलेल्या जुन्या जीपगाड्या हाताने गिअर टाकायच्या, त्यामुळे आपल्या गॅरेजांची या तेलाशी ओळख उशिरा झाली.

मग 1970 मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातलं. 1972 आणि 1973 च्या कायद्यांनी बंदी आणखी पक्की झाली. तेल कंपन्यांना पर्याय शोधावा लागला. वाळवंटी होहोबा झुडपाच्या बियांतही तसंच द्रव मेण असतं, म्हणून त्याकडे लक्ष गेलं. मुख्य भार मात्र कारखान्यात बनवलेल्या रसायनांनीच उचलला. वाट सरळ नव्हती. 'डेक्सरॉन-2' च्या सुरुवातीच्या मिश्रणाने कूलरमधले सांधे गंजू लागले, म्हणून गंजरोधक घालून त्याची सुधारित आवृत्ती काढावी लागली. म्हणजे समुद्रातला प्राणी वाचवण्याची किंमत काही काळ गाडीवाल्यांनीही मोजली. माझ्या मते ती मोजण्यासारखीच होती.

आता गॅरेजमध्ये येऊ. त्या काळच्या फोर्डच्या अनेक गिअरबॉक्सना 'टाइप एफ' तेल लागायचं. त्यात पकड मऊ करणारा घटक मुद्दामच नव्हता, प्लेटा झटकन धराव्यात असा हिशेब होता. म्हणून रंग लाल आहे एवढ्यावर तेल ओतू नका. जुन्या ब्रॉन्कोचं आणि जुन्या वॅगोनिअरचं तेल एकच असेल, असं गृहीत धरता येत नाही. गाडीचं मूळ पुस्तक काढा, त्यातलं नाव वाचा आणि त्याला आज कोणतं तेल चालतं ते विचारा.

दुसरी गोष्ट. पॅन उघडला तरी सगळं तेल बाहेर येत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. त्यामुळे एकदा बदललं की सगळं नवं झालं, असं होत नाही. पॅन उतरवलाच आहे तर फिल्टर बदला आणि तळाचा गाळ बघा. बारीक राखाडी थर ही झीज असते, धातूचे कण दिसले तर मात्र थांबा. तेल जळकट वासाचं, काळपट असेल तर आत प्लेटा जळल्या असण्याची शक्यता असते, आणि त्या नव्या तेलाने बऱ्या होत नाहीत. बहुतेक जुन्या गाड्यांत पातळी तपासायची ती तेल गरम आणि इंजिन चालू असताना, सपाट जागेवर. गिअर पार्कमध्ये ठेवायचा की न्यूट्रलमध्ये, हेही गाडीगणिक बदलतं.

तेव्हा पुढच्या वेळी डिपस्टिकवर तो लाल थेंब दिसला, तर एवढं आठवा : त्या थेंबाची कृती प्रयोगशाळेत जितकी ठरली, तितकीच कायद्याच्या कागदावरही ठरली.