अंबरखान्यातलं धान्य आणि कोकणातलं मीठ

ऐन पावसाळ्यात पन्हाळ्यावर गेलो होतो. धुकं असं, की समोरची तटबंदी दिसेना. आडोसा म्हणून अंबरखान्यात शिरलो. गंगा, यमुना, सरस्वती अशा तीन कोठ्या, त्यात गंगा सगळ्यात मोठी. वरच्या घुमटांना भोकं आहेत, तिथून धान्य आत ओतायचे. पंचवीस हजार खंडी मावायचं, असं सांगतात. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा शिवाजी महाराज मार्चपासून जुलैपर्यंत गडावर होते. पुढचं, बाजीप्रभू आणि घोडखिंड, तुम्हाला पाठच आहे.

मला मात्र तिथं भलताच प्रश्न पडला. एवढं धान्य गडावर चढलं, की गडाखालच्या गावांत काय होत असेल? भात महागत असेल. ज्याच्याकडे विकायला भात आहे तो खूश, मजुरीवर पोट असलेला अडचणीत. ओझी वाहायला बैल गेले, तर नांगराला बैल कमी. त्यात वेढा घालून बसलेली फौज, तीही खाणारच की. एक कोठार भरायचं तर दहा गोष्टी हलतात.

या 'दहा गोष्टी' एकदम मोजायची अर्थशास्त्रातली पद्धत म्हणजे सर्वसाधारण समतोलाचं मॉडेल. नाव जड आहे, कल्पना नाही. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघितलेत? भाव पुकारला जातो, वाढत जातो, घेणारा ठरला की सौदा तुटतो. हा एका मालाचा बाजार झाला. लिऑन वालरस नावाचा फ्रेंच माणूस स्वित्झर्लंडात लोझानला शिकवायचा. त्यानं १८७४ च्या पुस्तकात विचारलं: गूळ, भात, मजुरी, जमिनीचा खंड, सगळ्यांचे सौदे एकाच वेळी चालले तर? उसाचा भाव वाढला की भाताची जमीन उसाखाली जाते, मग भात महागतो, मग मजूर जास्त मजुरी मागतो, मग गूळ करणं महागतं. गोल फिरून पुन्हा गुळावरच. वालरसनं प्रत्येक बाजाराचं एक समीकरण मांडलं. सगळी एकदम सुटतात असे भाव अस्तित्वात असू शकतात, याची पक्की गणिती सिद्धता ॲरो आणि देब्रू यांनी १९५४ मध्ये दिली. खरे आकडे घालून असं मॉडेल पहिल्यांदा चालवलं ते लीफ योहानसेननं, नॉर्वेसाठी, १९६० मध्ये.

ठीक आहे, पण आपल्याला काय त्याचं?

आता माझ्या घरातली गोष्ट. आमचे खापरपणजोबा बैलांवर माल घालून अणुस्कुरा घाटानं राजापूरकडे जायचे. खाली गूळ-मिरची, वर येताना मीठ आणि सुकी मासळी. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. आजोबा आपल्या आजोबांचं वाक्य सांगायचे, "गाडी आली आन् आमचं बैल बसलं." चार वर्षांत शाहू महाराजांनी शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ लांब जायला लागला. म्हणजे गावाचं भलं झालं, बैलवाल्याचं वाईट. बेरीज काय?

ही बेरीज सगळ्या हिंदुस्थानासाठी करायचा प्रयत्न डेव्ह डोनाल्डसन या अर्थतज्ज्ञानं केला, आणि त्याची गंमत म्हणजे सुरुवात मिठापासून केली. मीठ मोजक्याच ठिकाणी पिकायचं. म्हणून आगरावरचा भाव आणि लांबच्या जिल्ह्यातला भाव यांतला फरक म्हणजे जवळपास वाहतुकीचाच खर्च. १८७० नंतरच्या साठ वर्षांच्या सरकारी दप्तरांतून त्यानं हे भाव काढले. (मला हा माणूस इथंच आवडला. दप्तर चाळणाऱ्याबद्दल आपल्याला आदर आहे.) रेल्वे आली की फरक आक्रसतो, हे दिसलं. मग मॉडेल. उत्तर असं आलं की रेल्वे पोचलेल्या जिल्ह्यात शेतीचं खरं उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं. आखलेल्या पण कधीच न बांधलेल्या मार्गांचीही त्यानं तपासणी केली, तिथं असा परिणाम नव्हता. आणि व्यापार सोपा झाल्याचा मॉडेलनं काढलेला फायदा हिशोबात धरल्यावर रेल्वेचा वेगळा असा परिणाम जवळपास उरलाच नाही. म्हणजे मॉडेलनं नाडी बरोबर पकडली होती.

पण १६ टक्के ही सरासरी. खापरपणजोबा त्यात कुठे? अशी बरीच मॉडेलं धरून चालतात की माणूस एक काम सुटलं की दुसरं धरतो. धरतोही. आमच्या घरानं पुढे ऊस धरला. मधली वर्षं कशी गेली, ते समीकरणात येत नाही. माझ्या मते ही या मॉडेलांची सगळ्यात मोठी उणीव आहे, गणित अवघड असणं ही नव्हे.

दुष्काळात हे जास्त टोचतं. १८९६-९७ मध्ये रेल्वे होती, बाहेरून धान्य येऊ शकत होतं. पण पाऊस नाही तर शेतात काम नाही, काम नाही तर मजुराच्या हातात पैसा नाही. शाहू महाराजांना स्वस्त धान्याची दुकानं काढावी लागली, लोकांना कामं द्यावी लागली.

हाच धागा पुढे वि. स. पागे यांनी पकडला. आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, १९६५ मध्ये त्यांनी रोजगार हमीचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. तेव्हा शंका घ्यायला जागा होती: मजुराच्या हातात पैसा आला की धान्याची मागणी वाढणार, भाव चढणार, मग योजनेबाहेरच्या गरिबाचं काय? पैसा कुठून आणायचा, नवा कर लावून की धरणाचा निधी कापून? किरीट पारीख, टी. एन. श्रीनिवासन आणि एन. एस. एस. नारायण यांनी भारतासाठी मॉडेल बांधून असे प्रश्न तपासले. नीट राबवली तर अशी कामं गरिबी कमी करायचा परवडणारा मार्ग आहेत, असं त्यांना दिसलं. पारीख पुढे गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले.

आता शेवटचं. कोल्हापूरची रेल्वे आजही कोल्हापुरातच संपते, घाट उतरत नाही. वैभववाडीपर्यंत नेण्याची चर्चा मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. ती झाली तर बंदरं जवळ येतील, साखर आणि फाउंड्रीचा माल स्वस्तात जाईल, घाटातले ट्रक कमी होतील, घाटातल्या चहाच्या टपऱ्याही. कुणी याचं मॉडेल बांधलंच, तर मी एकूण फायद्याचा आकडा नंतर वाचेन. आधी ट्रकवाल्यांचं पान उघडेन.