ट्रॅक्टरला दार कधी लागलं?

आजचा विषय आहे ट्रॅक्टरची केबिन. काचेची, दाराची, एसी लावलेली. तुम्ही रीलमध्ये पाहिलीच असेल. बाहेर धुरळा उडतोय आणि आत एकजण गाणी ऐकत निवांत नांगरट करतोय. खाली कॉमेंटमध्ये हमखास कुणीतरी लिहितं, 'नुसते लाड चाललेत.' हा 'लाड' शब्द जरा लक्षात ठेवा. केबिनचा ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा इतिहास म्हणजे या एका शब्दाशी झालेलं भांडण आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करू. शंभर वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर म्हणजे इंजिन, चार चाकं आणि मागे एक लोखंडी सीट. वर छत नाही, बाजूला काही नाही. मिनेसोटा, आयोवा या भागात थंडीत तापमान शून्याच्या कितीतरी खाली जातं. तिथले शेतकरी इंजिनाच्या दोन्ही बाजूंना कॅनव्हासचं कापड बांधायचे, म्हणजे इंजिनाची गरम हवा मागे ड्रायव्हरच्या पायांपर्यंत यायची. जुगाड फक्त आपल्याकडेच होतो असं नाही!

मग १९३८ साली मिनियापोलिस-मोलाइन नावाच्या कंपनीने एक अजब गाडी बाजारात आणली. नाव कम्फर्ट्रॅक्टर. हा चक्क बंद केबिनचा ट्रॅक्टर होता. आत हीटर, रेडिओ, वायपर, सिगारेट पेटवायचा लायटर आणि शेजारी आणखी एकाला बसायला सीट. रस्त्यावर ताशी साधारण ६५ किलोमीटरने पळायचा. कल्पना अशी की दिवसभर शेत नांगरायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीत बायकोला घेऊन गावात जायचं.

विकले किती गेले? बनलेच जेमतेम दीडशे. किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास, मंदीचा काळ नुकताच सोसलेला. पण पैसा हे एकच कारण नव्हतं. शेतकऱ्याने ऊन, वारा, थंडी अंगावर घ्यायची असते, काचेआड बसून कसली शेती, हा समज तिकडेही पक्का होता. केबिन ही 'आरामाची वस्तू' म्हणून विकायला गेले आणि तिथेच फसले. आज तेच ट्रॅक्टर जुन्या गाड्या जमवणाऱ्यांमध्ये मोठ्या किमतीला जातात, तो भाग वेगळा.

आता सीन बदलू. १९५० च्या दशकातला स्वीडन. तिथे प्रश्न आरामाचा नव्हता. ट्रॅक्टर उलटून माणसं मरत होती.

ट्रॅक्टर उलटतो कसा, हे आधी समजून घेऊ. बाजूला कलंडणं आपल्याला माहीत आहे. बांध, चर, उतार, एक चाक खाली गेलं की संपलं. पण जास्त धोक्याचं आहे मागे उलटणं. मागची चाकं चिखलात रुतली आणि ड्रायव्हरने जोर दिला की इंजिनाची ताकद चाकं फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचं धूडच मागच्या अॅक्सलभोवती फिरवायला लागते. पुढची चाकं उचलली जातात. ओझं हुकाच्या वर, चुकीच्या जागी बांधलं असेल तरी हेच होतं. उसाची भरलेली ट्रॉली चढावर ओढताना पुढून उभा राहणारा ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. कुणाकुणाला त्यात मर्दुमकी वाटते, टाळ्या पडतात. प्रत्यक्षात पुढची चाकं उचलल्यापासून ट्रॅक्टर पूर्ण उलटेपर्यंत साधारण दीड सेकंद लागतो. त्यातही पहिल्या पाऊण सेकंदात क्लच दाबला नाही तर पुढे काहीच हातात राहत नाही. उडी मारू, हे विसरा.

स्वीडनमधल्या लोकांनी यावर उपाय काढला तो अगदी साधा. ड्रायव्हरच्या भोवती लोखंडी चौकट, इतकी मजबूत की ट्रॅक्टर तिच्यावर पडला तरी ती चेपणार नाही आणि माणसाला जागा शिल्लक राहील. ती खरंच टिकते का हे बघायला लंबकासारखा मोठा वजनदार ठोकळा झुलवून तिच्यावर आदळायचे. १९५९ पासून स्वीडनमध्ये नवा ट्रॅक्टर या चौकटीशिवाय विकायला बंदी आली. परिणाम? १९५७ मध्ये दर एक लाख ट्रॅक्टरमागे उलटून मरणारे होते १७. १९९० पर्यंत तो आकडा ०.३ वर आला. शेतं तीच, उतार तेच, फरक पडला तो मुख्यतः लोखंडाच्या त्या चौकटीने.

या चौकटीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रोप्स' म्हणतात. अमेरिकेत जॉन डिअरने १९६६ मध्ये 'रोल-गार्ड' नावाने ती विकायला आणली आणि पुढे आपलं डिझाइन बाकीच्या कंपन्यांनाही फुकट वापरू दिलं. म्हणजे मंडळी, हे नीट बघा. आजच्या केबिनचा सांगाडा रोप्सचा आहे. काच, एसी, म्युझिक सिस्टीम हे सगळं नंतर त्या सांगाड्यावर चढलं. १९३८ ला आराम म्हणून जी गोष्ट खपली नाही, ती वीस वर्षांनी जीव वाचवणारी म्हणून परत आली. आणि या वेळी तिच्यामागे कायदा उभा होता.

पण गोष्ट इथे सरळ जात नाही. इंग्लंडला जाऊ.

ब्रिटनमध्ये १९६७ ला नियम झाला आणि सप्टेंबर १९७० पासून नव्या ट्रॅक्टरला सुरक्षा केबिन सक्तीची झाली. कंपन्यांनी घाईघाईने चौकट बसवली, तिला पत्रा ठोकला, काचा लावल्या. उलटण्याचा धोका कमी झाला खरा, पण नवीनच दुखणं सुरू झालं. हा पत्र्याचा डबा थेट ट्रॅक्टरच्या अंगाला बोल्टने आवळलेला. इंजिन हादरलं की डबा हादरायचा, गिअरबॉक्स घरघरला की डबा घुमायचा. ढोलाच्या आत बसून आठ-दहा तास काम करण्यासारखं. उघड्या ट्रॅक्टरवर निदान आवाज हवेत विरून तरी जायचा, केबिनमध्ये तो कोंडला. माणसं बहिरी व्हायला लागली. उन्हाळ्यात तर कितीतरी जण दारं काढूनच ठेवायचे.

मग आणखी एक नियम आला. १९७६ पासून नव्या ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या कानापाशी आवाज ९० डेसिबलच्या वर जाता कामा नये. त्यातून आल्या 'क्यू केबिन'. 'क्यू' म्हणजे क्वाएट, शांत. यात पूर्ण केबिन, खालच्या फरशीसकट, रबराच्या गुटक्यांवर बसवली. फटी बुजवल्या, आतून फोम लावला. अमेरिकेत जॉन डिअरने १९७२ मध्येच 'साउंड-गार्ड' केबिन आणली होती. तिच्यात रोप्स, आवाज अडवणारं अस्तर आणि आतल्या हवेचा दाब बाहेरपेक्षा थोडा जास्त ठेवण्याची सोय होती. दाब जास्त असला की फटीतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. साधी युक्ती, पण फुप्फुसांसाठी लाखमोलाची.

आता या कायद्यांमधली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये जुन्या ट्रॅक्टरनाही केबिन लावा असा नियम १९७७ पासून लागू झाला, पण कुणासाठी? पगारी मजूर जो ट्रॅक्टर चालवतो त्यासाठी. अमेरिकेत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या ट्रॅक्टरला रोप्स आणि सीटबेल्ट हवा असा नियम झाला, तोही कामावर ठेवलेल्या माणसांसाठी. शिवाय छोट्या शेतांवर त्याची अंमलबजावणीच होत नाही. कायद्याचं म्हणणं असं दिसतं की मालक स्वतः धोका पत्करत असेल तर त्याची मर्जी, पण दुसऱ्याला त्या सीटवर बसवत असाल तर जबाबदारी तुमची. सीटवर बसणारा एक आणि ट्रॅक्टर विकत घेणारा दुसरा. केबिन घ्यायची की नाही हे ठरवतो दुसरा, धूळ खातो पहिला. हे लक्षात ठेवून आता छोट्या ट्रॅक्टरकडे येऊ.

मोठ्या ट्रॅक्टरना केबिन मिळाली तरी छोटे बराच काळ उघडेच राहिले. जपानची शेतं लहान, त्यामुळे तिथल्या कंपन्या छोटे ट्रॅक्टर बनवण्यात पटाईत. कुबोटाने १९६९ मध्ये २१ एचपीचा एल२०० अमेरिकेत नेला आणि तिथे 'कॉम्पॅक्ट ट्रॅक्टर' ही नवीच बाजारपेठ उभी राहिली. घरामागची चार-पाच एकर, घोड्यांचा तबेला, फळबाग. अशा कामात केबिन अडचणीची. झाडाच्या फांद्या लागतात, गॅरेजच्या दारातून ट्रॅक्टर आत जात नाही, उतरचढ सारखी असते. म्हणून छोट्या ट्रॅक्टरला मागे दोन खांबांची कमान देतात, तीसुद्धा घडी घालता येईल अशी. मेख तिथेच आहे. झाडाखाली जाताना कमान खाली पाडली आणि मग ती वर करायचं राहूनच गेलं, तर तिचा उपयोग शून्य. पुढे कॉम्पॅक्टमध्येही केबिन आल्या. घेणारे लोक पहिल्यांदा हिवाळ्यात बर्फ काढण्यासाठी घेतात आणि मग उन्हाळ्यात धूळ नाकात जात नाही म्हणून खूश होतात.

आता आपल्याकडे. १९६३ मध्ये महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी केली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर इथे बनू लागला. मूळ डिझाइन इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्याचं. आजही गावात '२७५' म्हटलं की लोकांना ट्रॅक्टरच डोळ्यासमोर येतो. म्हणजे ज्या देशातून हा ट्रॅक्टर आला, तिथे १९७० पासून नव्याला केबिन सक्तीची झाली. आपल्याकडे तो उघडाच धावत राहिला. फार तर वर पत्र्याचं छत, त्याला झेंडूची माळ आणि मागे 'आईचा आशीर्वाद'.

याला कारणंही आहेत, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. एक तर किंमत. दुसरं, आपलं ऊन. काचेच्या बंद केबिनमध्ये एसी नसेल तर मे महिन्यात आत भट्टी होते. म्हणजे केबिन घ्यायची तर एसीसकटच. आणि एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो. ५० एचपीला ते फारसं कळत नाही, २० एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला लगेच कळतं. म्हणून आपल्याकडे एसी केबिन दिसते ती बहुतेक मोठ्या ट्रॅक्टरवर.

आणि नेमकी जिथे तिची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथे असतो छोटा ट्रॅक्टर. माझ्या मामांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की डावणी आणि भुरीच्या धाकाने फवारण्यांची रांग लागते. मिनी ट्रॅक्टरला मागे ब्लोअर. पंखा औषधाचं धुकं करून वेलींवर फेकतो आणि वारा फिरला की तेच धुकं ड्रायव्हरवर. तोंडाला ओला रुमाल, डोक्याला टोपी, संपली सुरक्षा. मी मामांना विचारलं, केबिनवाला का नाही घेत? ते म्हणाले, "अरे, मांडवाखाली उघड्या ट्रॅक्टरवरचा माणूसच वाकून बसतो. केबिन शिरेल का त्यात?" खरंच आहे. मांडव पद्धतीच्या बागेत केबिन जाणारच नाही. वाय पद्धतीच्या बागेत ओळींमधून आकाश मोकळं असतं, तिथे अरुंद केबिन जाऊ शकते. इटलीतल्या द्राक्षबागांसाठी अशा बुटक्या, अरुंद केबिन बनतातही.

मी तरी एक प्रश्न पुढे ढकललाच. म्हटलं, "मामा, फवारणी तुम्ही करता का?" मामा गप्प झाले. फवारणी करतो त्यांच्याकडचा ड्रायव्हर. मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला म्हणतो मी मास्क घाल. उकडतं म्हणून काढून टाकतो." हेही खरंच. मामा वाईट माणूस नाहीत. पण एका सीटवर दोन वेगळी माणसं असली की हिशोब कसा बदलतो, ते मला त्या दिवशी समोर दिसलं.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर गेले. ते पाठीवर पंप घेऊन फवारत होते, ट्रॅक्टरचा तिथे संबंध नव्हता. पण फवारा श्वासात गेला की काय होतं, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण विकणारा ती सांगेलच असं नाही. प्रत्येक केबिन औषधापासून वाचवत नाही. युरोपात केबिनच्या चार श्रेणी आहेत. पहिलीत हवा गाळण्याची कुठलीच हमी नाही. दुसरी फक्त धूळ अडवते. तिसरी धूळ आणि फवाऱ्याचे बारीक थेंब. चौथी त्याबरोबर औषधाची वाफही, त्यासाठी कार्बनचा फिल्टर लागतो आणि तो वेळेवर बदलावा लागतो. साध्या एसी केबिनमध्ये बसून 'आता मास्क कशाला' म्हणणं म्हणजे छत्री आहे म्हणून नदीत उतरण्यासारखं आहे.

मग केबिन परवडत नसेल, बागेत जात नसेल, तर? इतिहास पुन्हा बघा. स्वीडनने सुरुवात काचेपासून केली नव्हती, चौकटीपासून केली होती. नवा किंवा जुना ट्रॅक्टर घेताना रोप्स आहे का विचारा. पत्र्याचं छत म्हणजे रोप्स नव्हे, ते उन्हासाठी आहे. कमान वर असेल तेव्हा सीटबेल्ट लावाच, नाहीतर कमान शाबूत राहील आणि माणूस तिच्याखाली सापडेल. घडीची कमान खाली असेल तेव्हा मात्र बेल्ट लावू नका. आणि फवारणी करणाऱ्याला रुमाल देऊ नका, फिल्टरचा मास्क द्या. उकडत असेल तर वेळ बदला, भल्या सकाळी काढा काम.

बाकी लाडाचं म्हणाल, तर कार घेताना एसी हवाच असतो आपल्याला, त्याला कुणी लाड म्हणत नाही. दहा तास शेतात राबणाऱ्याच्या डोक्यावर काच आली की मात्र म्हणतो.

तुमच्याकडे कुठला ट्रॅक्टर आहे, त्याला कमान आहे का, आणि तो चालवतं कोण, व्हॉइस नोट करून नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या.